शेंदराखालची मूर्ती

कीर्तनात वहिनी रोपवेच्या प्रसंगाशी आल्या की मी पेटीवरचा हात हलका करायचो. तिथे सूर जास्त झाला तर शब्द बुडतात. नुसता षड्ज धरून ठेवायचा आणि ऐकायचं.

"दोर तुटला तर माणसं तुटतील, अप्पा. माझ्या हातून हे व्हायचं नाही." एवढं सुयशच्या आवाजात म्हणून वहिनी थांबायच्या. झांजा छातीशी. मंडपात पंख्यांची घरघर तेवढी. मग त्या उजवा हात संथपणे पुढे करायच्या. "आणि मंत्र्यांनी त्या पोराला बाजूला सारलं. आणि स्वतःच्या बोटानं, पुष्कराजाच्या अंगठीच्या बोटानं, बटण दाबलं."

तबल्यावर एक थाप पडायची. बायका डोळ्यांना पदर लावायच्या. पहिल्या रांगेत खांबाला टेकून बसलेल्या शालिनीबाई पेडामकर मात्र रडायच्या नाहीत, त्या ताठ व्हायच्या. सुयश त्यांचा मुलगा.

अनघावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कीर्तन त्यांच्या माहेरचं, पेटी आमच्या घरची. दादा होता तोवर तो साथीला बसायचा. तो गेल्यावर मी बसू लागलो. शाळेत गणित शिकवून मी जे पुण्य घालवलं ते इथे भरून काढतोय, असं वहिनी लोकांना सांगायच्या. कीर्तनाच्या पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्यातलं तत्त्व उलगडायचं आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाला धरून कथा सांगायची, अशी रीत. कथा बहुधा पुराणातली असते. वहिनींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली घेतली. त्यात आमचं काय चुकलं ते समजायला पुढे एक यंत्र यावं लागलं.

हकिगत अशी. जाखाईच्या डोंगरावर रोपवे झाला. अप्पा, म्हणजे रत्नाकर सरखोत, तेव्हा मंत्री होते. यंदाच्या जत्रेला म्हातारी माणसं पायऱ्या न चढता देवीपुढे उभी राहतील, असा शब्द त्यांनी जाहीर सभेत दिला होता. त्या संध्याकाळी वर वहिनींचं कीर्तन होतं. दुपारपासूनच मी देवळात पेटी लावत होतो. वहिनी वरच्या स्थानकातल्या यंत्राच्या खोलीत बसल्या होत्या, कारण अख्ख्या डोंगरावर पंखा तेवढा तिथेच होता. रोपवेचा अभियंता सुयश पेडामकर म्हणत होता की दोराच्या सांध्याची तपासणी व्हायची आहे, आज ट्रॉली सोडू नये. ट्रॉली सुटली. सांधा निसटला. खालून येणाऱ्या ट्रॉलीतले यात्रेकरू गेले, आणि वरून निघालेल्या ट्रॉलीत एकटा सुयश होता, तोही गेला.

चौकशी समितीनं लिहिलं, अभियंत्याचा हलगर्जीपणा. मेलेला माणूस हरकत घेत नाही. वहिनींना समितीनं बोलावलंच नाही. त्या दोनदा जाऊन आल्या, दोन्ही वेळा साहेब बाहेर गेले होते. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांना ऐकायचं नसेल तर नको. देव ऐकतो, आणि त्याच्या मागं बसलेले चारजण ऐकतात."

तसं ते सुरू झालं. आणि चालत राहिलं. आम्हाला कुठून कुठून बोलावणी यायला लागली. भक्तिसेतू प्रतिष्ठान म्हणून एक संस्था होती, ती तर वर्षभर कुठे ना कुठे आमचं कीर्तन ठेवायची. जेवणखाण उत्तम, मंडप नेटका, आणि निरोपात दरवेळी एक ओळ असायचीच: 'रोपवेचं आख्यान अवश्य व्हावं.' मंडपाच्या कडेला त्यांचा एक माणूस कॅमेरा लावून असायचा. वहिनींना वाटायचं, चला, कोणीतरी जपून ठेवतंय.

नवलाची गोष्ट म्हणजे स्वतः अप्पासुद्धा कीर्तनाला येऊन बसायचे. आमच्याच नव्हे, कोणाच्याही. तो माणूस कीर्तनाचा खरा वेडा. पूर्वरंगात चांगला मुद्दा आला की मोठ्यानं "वा, ताई" म्हणायचे, प्रश्न टाकला की हमखास "हो" म्हणून साद द्यायचे. रोपवे आला की मान खाली घालून निमूट बसायचे. लोक म्हणायचे, बघा, मन खातंय. मलाही तसंच वाटायचं.

मग सरकार बदललं. अप्पा माजी झाले. जुनी फाईल उघडली, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला, आणि खटल्यात साक्षीदार निघाल्या एकच, अनघा केळशीकर, कीर्तनकार.

आता त्या यंत्राबद्दल सांगतो. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला चहा पाजून समजावलं होतं, तेवढंच मला समजलंय.

आपल्याला वाटतं आठवण म्हणजे कपाटातला फोटो. काढला, पाहिला, परत ठेवला. तसं नसतं. आठवण काढली की ती मेंदूत सैल होते, ओल्या मातीसारखी. थोड्या वेळानं पुन्हा घट्ट होते. पण मधल्या वेळात तिला जे लागेल, कोणाचा हुंदका, आपलाच एखादा बरा जमलेला शब्द, ते अंगात घेऊन घट्ट होते. पुढच्या खेपेला आपल्या हाती येते ती ही नवी. पहिली गेलेली असते, आणि गेल्याचा पत्ताही लागत नाही, कारण नवी जास्त ठळक असते. एवढं शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. यंत्रानं नवीन काय केलं, तर माणूस आठवत असताना ती आठवण मेंदूच्या डोळ्या-कानांच्या जागेतून उठते आहे की शब्दांच्या आणि कल्पनेच्या जागेतून, हे दाखवायला सुरुवात केली. ती किती वेळा सैल होऊन घट्ट झाली याच्या खुणाही त्याला दिसतात. खरं-खोटं ते सांगत नाही, थर किती आहेत एवढंच सांगतं. जुन्या गुन्ह्यात एकटाच साक्षीदार असेल तर ही चाचणी आता कायद्यानं सक्तीची आहे.

"म्हणजे शेंदूर," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरबाई बघत राहिल्या.

"आमच्या माहेरच्या गावात मारुती होता," वहिनींनी सांगितलं. "दर शनिवारी तेल-शेंदूर. पिढ्यान्‌पिढ्या. मारुती गोल गरगरीत झाला होता, नाक कुठे अन्‌ डोळे कुठे कळायचं नाही. मी परकरात होते तेव्हा एकदा सगळं कवच सुटून खाली पडलं. आतून ही एवढीशी मूर्ती निघाली. बारीक, नाजूक, हात जोडलेली. गाव बघायला लोटलं, आणि हिरमुसून परत गेलं. म्हणे हा आपला मारुती नव्हे."

"मग काय केलं?"

"काय करणार? पुढच्या शनिवारी पुन्हा शेंदूर."

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, आम्ही थर म्हणतो, पण तुमचा शब्द बरा आहे.

चाचणीचा निकाल आला, वहिनींची आठवण जवळजवळ सगळी शब्दांच्या जागेतून उठत होती, तेव्हा कोणी हसलं नाही.

अप्पांचे वकील धारप बोलायला फार मृदू माणूस. त्यांनी कोर्टातल्या पडद्यावर आमचीच कीर्तनं लावली. पहिल्या वर्षीच्या कीर्तनात वहिनी म्हणतात, 'आणि ट्रॉली सोडली गेली.' त्याच्या पुढच्या वर्षी, 'मंत्र्यांच्या सांगण्यावरून सोडली गेली.' पुढे कधीतरी मंत्र्यांचा हात येतो. मग बोट. मग अंगठी. मग अंगठीत पुष्कराज. सुयश आधी नुसता विनवतो, मग विरोध करतो, मग सुटत्या ट्रॉलीत हातब्रेक ओढायला उडी टाकतो. माझी पेटीही ऐकू येत होती. पहिल्या वर्षी मी तिथे काहीच वाजवत नव्हतो.

"ताई, बटण कोणी दाबलं?" धारपांनी विचारलं.

"अप्पांनी. मला आत्ता डोळ्यांसमोर दिसतंय."

"ती ट्रॉली सोडायची तर आधी यंत्राचं कुलूप उघडावं लागतं. ते फक्त अभियंत्याच्या बोटाच्या ठशानं उघडतं. यंत्राच्या नोंदीत बोट सुयश पेडामकरांचं आहे."

वहिनी पडद्याकडे पाहू लागल्या.

"साहेब," धारप न्यायाधीशांकडे वळले, "या बाई खोटं बोलत नाहीत. खोटं बोलणं यांना जमणारही नाही. या कीर्तन करताहेत. अप्पा त्या खोलीत गेलेच नव्हते, ते देवळाच्या आवारात लोकांना भेटत होते, असं आमचं म्हणणं आहे. ते खोटं ठरवायला सरकारपक्षाकडे या आख्यानाखेरीज काय आहे?"

सरकारी वकील शबनम परकार आम्हाला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी दार लावलं आणि खुर्चीत न बसता टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"ती भक्तिसेतू संस्था कोणाची, चौकशी केली मी. विश्वस्तांत एक अप्पांचे भाचे, एक धारपांचे ज्युनिअर. हे यंत्र परदेशी कोर्टात आलं त्याच वर्षी संस्था निघाली. धारपांनी पुढचं ओळखलं होतं."

वहिनींना पटकन उमगलं नाही. "पण त्यांनी तर कीर्तनं ठेवली आमची. हेच सांगा म्हणून सांगायचे."

"तेच तर. जितकं सांगाल तितके थर. ताई, साक्षीदाराला धाक घालतात, पैसे चारतात, हे रोज बघते मी. बोलायला लावून गप्प केलेला साक्षीदार पहिल्यांदाच बघतेय."

मग वहिनी लहान आवाजात म्हणाल्या, "माणसं रडायची हो. ती तरी खरी होती ना?"

"ती खरी होती, ताई."

"मग झालं," वहिनी म्हणाल्या. पण झालेलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

परकारबाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "मला एक विचारायचंय. उत्तर फक्त हो किंवा नाही द्या. त्या दिवसातलं असं काही आहे का, जे तुम्ही कधीच कोणाला सांगितलं नाही? कीर्तनात नाही, घरात नाही, मनातल्या मनातही फारसं घोळवलं नाही?"

वहिनींची नजर पेल्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"पाणी," त्या म्हणाल्या. "त्यानं माझ्याकडे पाणी मागितलं होतं. मी..."

"थांबा." परकारबाईंनी हात पुढे केला. "पुढे नको. मनातसुद्धा नको."

मग त्यांनी समजावलं. एका दिवसाची आठवण ही एकच मूर्ती नसते, ओळीनं मांडलेल्या मूर्ती असतात. ज्यांना रोज हात लागतो त्यांच्यावर थर चढतो, जिला कधीच लागला नाही ती पुसट असते पण उघडी असते. ती पहिल्यांदा निघेल तेव्हा यंत्रापुढे निघाली पाहिजे. एकदाच. त्याआधी ती कोणाला सांगितली, नुसती आठवून पाहिली, तरी थर चढलाच.

"न्यायाधीशांकडे मी त्यासाठी एक बैठक मागते. दोन्ही पक्षांसमोर, सगळ्यांसमोर. तोवर जपा."

"इतकी वर्षं कसं नाही सांगितलं हे?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"कथेत पाण्याला जागाच नव्हती, भाऊजी."

बैठकीची तारीख मिळेपर्यंतचे दिवस वहिनींनी कसे काढले ते मी पाहिलंय. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, आठवायचं नाही असं ठरवू नका, ठरवलं की मन तिथेच उकरतं. मनाला दुसरं काहीतरी द्या. वहिनी म्हणाल्या, ते आम्हाला येतं. आणि त्यांनी नाम धरलं. भाकरी थापताना नाम, दोरीवर कपडे टाकताना नाम.

"वहिनी, आमटीत मीठ विसरलात."

"राम राम राम राम."

"म्हणजे घालू की नको?"

त्यांनी हातानंच मिठाचा डबा माझ्याकडे ढकलला, ओठ न थांबवता. मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि नाम हसण्यातून तसंच पुढे गेलं. आयुष्यभर त्यांनी नाम घेतलं ते देव आठवावा म्हणून. आता घेत होत्या ते दुसरं काही आठवू नये म्हणून. देव भला, तो दोन्हीकडे आला.

बैठकीच्या आदल्या दुपारी शालिनीबाई आल्या. आमसुलं घेऊन. दर वर्षी द्यायच्या. पाटावर टेकल्या आणि म्हणाल्या, "ताई, उद्या नीट सांगा हं. कीर्तनात सांगता तसं."

वहिनींचे ओठ हलत होते.

"माझा सुयश फार भिडस्त. लहानपणापासून. कोणी काही मागितलं, सांगितलं, की बरं. स्वतःचा डबा देऊन यायचा शाळेत. मी म्हणायची, अरे, कधीतरी नाही म्हण. तो त्या दिवशी म्हणाला बघा. मंत्र्याच्या तोंडावर. तेवढ्यावर दिवस काढतेय मी."

नाम थांबलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरलो नाही. त्यांचं तोंड उघडलं होतं, आणि त्या काही बोलल्या असत्या तर मी अडवलं नसतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि ओठ पुन्हा हलायला लागले, आधीपेक्षा भरभर. शालिनीबाईंना वाटलं ताई देवाचं करताहेत. त्या पाया पडून गेल्या.

"तिला आधी सांगायला हवं होतं," वहिनी म्हणाल्या. आमसुलांची पिशवी अजून मांडीवरच होती.

"काय?"

"ते मलाही धड माहीत नाही. पण उद्या ती ऐकेल ते कीर्तनातलं नसेल, एवढं कळतंय मला. माणसानं असं लोकांच्या देखत ऐकू नये. घरात, हात धरून सांगायची गोष्ट आहे ती."

"मग जाऊन सांगा. कोर्ट गेलं खड्ड्यात."

"सांगायचं तर आठवायला हवं, भाऊजी. आणि मग तिच्या मुलावरचा डाग कोण पुसणार? राम राम राम."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या पडवीत अप्पा भेटले. काठी टेकत आले, पोलीस आणि धारप दोन पावलं मागे. अप्पा वाकून वहिनींच्या पाया पडले. हे ते नेहमीच करायचे, कीर्तनकाराच्या.

"ताई, तुमचं ते नारदाचं आख्यान अजून कानात आहे."

वहिनी नाम घेत होत्या. अप्पा तिरकस हसले. "फक्त एक. ती अंगठी माझ्या साठीला मुलीनं केली. रोपवेच्या वेळी माझं बोट मोकळं होतं. तुम्ही सांगायला लागलात तेव्हा मलाच वाटायला लागलं, घातली होती की काय आपण. असं तुमचं सांगणं."

"अप्पा, चला," धारप म्हणाले.

बैठक कोर्टातच होती. वहिनींच्या डोक्यावर एक हलकी पांढरी टोपी बसवली, तिला तारा नव्हत्याच, नुसती टोपी. समोर पडद्यावर दोन पट्टे, एक हिरवा, एक केशरी. हिरवा म्हणजे डोळ्या-कानांची जागा, केशरी म्हणजे शब्दांची. शालिनीबाई पहिल्या बाकावर होत्या, कीर्तनात बसायच्या तशाच, फक्त टेकायला खांब नव्हता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, पाणी."

वहिनींनी नाम सोडलं. तो क्षण ऐकू आला. इतके दिवस घरात चालू असलेली एखादी गिरण थांबावी तसा.

"ग्रीसचा वास आहे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हता, म्हणजे कीर्तनातला नव्हता. सपाट, थोडा घाईचा. पडद्यावर हिरवा पट्टा वर चढला. "पंखा कुरकुरतोय. सुयश आत येतो. घाम आलाय त्याला. ताई घोटभर पाणी द्या म्हणतो. मी पेला देते. उभ्यानंच पितो. मिशीला पाणी लागलंय, बारीक मिशी आहे. मागून अप्पा येतात. अरे, खाली म्हातारी माणसं उन्हात उभी आहेत, मी शब्द दिलाय. तो म्हणतो, अप्पा, सांध्याचं राहिलंय, आजचा दिवस द्या. अप्पा म्हणतात, उद्या तपास की. कुलूप उघड. माझं बोट ते मशीन घेत नाही, नाहीतर मीच उघडलं असतं. जबाबदारी माझी."

केशरी पट्टा तळाशी पडून होता. वहिनींचा श्वास लागला होता.

"सुयश पेला शर्टाला पुसतो. माझ्या हातात देतो. म्हणतो, बरं. बरं अप्पा, मग वरनं पहिल्या ट्रॉलीत मीच बसतो. आणि जातो आणि बोट ठेवतो. कुलपाचा आवाज होतो, टिक. अप्पा त्याच्या पाठीवर थाप मारतात. शाब्बास म्हणतात."

कोर्टात शांतता होती, मंडपात असते तशी. आणि त्या शांततेत आरोपीच्या पिंजऱ्यातून अप्पांचा आवाज आला. फार मोठा नाही. कीर्तनात चांगला मुद्दा आल्यावर साद द्यायचे तसा.

"हो. पाणी प्यायला होता खरा."

जन्माची सवय होती ती. धारपांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला, पण तोवर न्यायाधीशांचं पेन चाललं होतं. त्या खोलीत अप्पा गेलेच नव्हते ना? धारपांनी समोरची फाईल सावकाश मिटली.

मी शालिनीबाईंकडे पाहिलं. त्या ताठ नव्हत्या. कोणीतरी आतली काठी काढून घ्यावी तशा बसल्या होत्या. वहिनी टोपी काढून त्यांच्याकडे जायला निघाल्या, तर त्या उठल्या आणि कोणाकडे न बघता बाहेर गेल्या.

अप्पांना शिक्षा झाली. निकालपत्रात सुयशबद्दल एक परिच्छेद आहे. त्यानं धोका सांगितला होता, वरिष्ठाच्या दबावाखाली आदेश पाळला, आणि स्वतःचा जीव त्याच धोक्यात घातला. सबब अपघाताचा ठपका त्याच्यावर राहत नाही. डाग गेला. पण त्याबरोबर हातब्रेकही गेला, उडीही गेली, 'माझ्या हातून हे व्हायचं नाही'ही गेलं. परकारबाईंनी फोन करून वहिनींचं अभिनंदन केलं. वहिनी म्हणाल्या, "माझं कसलं? मी एका आईचा मुलगा दोनदा नेला."

रोपवेचं आख्यान त्यांनी बंद केलं. लोक मागायचे, त्या प्रल्हाद सांगायच्या. प्रतिष्ठानाची बोलावणी अर्थातच थांबली होती. पुन्हा गावातलं देऊळ, पुन्हा पन्नास-साठ माणसं, खांबाजवळची जागा रिकामी. तिथे कोणी बसायला गेलं की वहिनी पूर्वरंगातसुद्धा अडखळायच्या. मी एकदोनदा म्हटलं, आपणच जाऊ त्यांच्याकडे. त्या म्हणायच्या, कोणत्या तोंडानं जाऊ?

मग एका दुपारी शालिनीबाईच आल्या. आमसुलं घेऊन. पाटावर बसल्या. वहिनींनी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"रागावले होते मी," त्या म्हणाल्या.

"रागवायलाच हवं होतं."

"ताई, तुमच्या कीर्तनातला मुलगा फार भारी होता. मी त्याला मनातून नमस्कार करायची. पण खरं सांगू का, ओळख पटायची नाही. वाटायचं, हा कधी झाला एवढा? मी घरात नसताना? आणि त्या दिवशी तुम्ही म्हणालात, त्यानं पेला शर्टाला पुसला." त्यांनी हातातल्या पेल्याकडे पाहिलं. "त्या शर्टाला पुसण्यावरून किती ओरडले असेन मी त्याला. तेव्हा म्हटलं, हा माझा. बरं म्हणणारा. मूर्ख मेला."

वहिनी रडत होत्या. शालिनीबाईही. मी उठून आत जायला हवं होतं, पण उठवलं नाही.

"माझ्याकडे त्याचा आवाज नाही हो," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "फोनमधले आहेत, पण ते सगळे गाण्यातले, वाढदिवसातले. असा साधा नाही. एकदा परत सांगा. कसं म्हणाला तो?"

वहिनींनी डोळे पुसले, मिटले, सरसावून बसल्या.

"सुयशनं पेला पुसला," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. एक क्षण. "आणि म्हणाला... बरं."

ती थांबण्याची जागा मी ओळखली. माझी बोटं गुडघ्यावर आपोआप षड्जावर गेली होती. कोर्टात ती जागा नव्हती. त्या खोलीतही नसणार. तो पोरगा पाण्याच्या घोटाबरोबर, एका दमात म्हणाला असेल, पुढच्या कामाच्या घाईत. वहिनींनी डोळे उघडले. त्यांनाही कळलं होतं.

शालिनीबाईंनी पुढे होऊन त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू द्या, ताई," त्या म्हणाल्या. "आता कोणाला सांगू नका. मलासुद्धा."